टांगत्या रांजणातले महाळुंग

एका राज्यात झाड नव्हते. आंबा नव्हता, वड नव्हता, अंगणात तुळसदेखील नव्हती. जमीन मात्र होती. काळी, मऊ, नुकतीच कुणी नांगरून ठेवावी तशी. पण तिच्यात बी टाकायची कुणाची छाती होत नसे. त्या जमिनीखाली कोणीतरी होते, आणि त्याला भूक लागलेली होती.

रोपाला दोन पाने फुटतात न फुटतात तोच ते खालून खेचले जाई. मातीवर खळगा उरे आणि खळग्यातून चावल्याचा आवाज येई. असे करता करता राज्यातली सारी झाडे संपली. मग माती माणसांचे पाय धरू लागली. जो मातीवर उतरे तो तिथेच रुते. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, दुधात टाकलेली भाकरी खाली बसत जावी तसा. ओढणाऱ्यालाही माती ओढून घेई.

ज्यांना जाता आले ते राज्य सोडून गेले. उरलेल्यांनी दगडी वाटा बांधल्या, घराघरांतून फळ्या टाकल्या. दगडाला आणि सुकल्या लाकडाला तो दात लावत नसे. धान्य नदीवाटे परमुलखातून येई. त्या राज्यात आया लेकरांना चालायला शिकवण्याआधी फळीवर स्वस्थ बसायला शिकवत.

तिथला राजा अरिंजय, राणी पद्मल. एके दिवशी राजा अनवाणी देवदर्शनाला निघाला होता. समोर फळीवरून एक लेकरू घसरले आणि मातीत पडले. राजाने मागचापुढचा विचार केला नाही. त्याने उडी घातली, माती धरायच्या आत लेकरू उचलले आणि त्याच्या आईच्या ओटीत टाकले. मग त्याने आपला पाय उचलू पाहिला. पाय उचलला नाही.

"पद्मल, पुढे येऊ नकोस," राजा म्हणाला.

शिपाई कुदळी घेऊन धावले. पहिल्याने पहिला घाव घातला, तो कुदळीसकट आत गेला. दुसऱ्या घावाला कोणी पुढे झाले नाही.

राजावर मांडव घातला. मांडवात फळी टाकली. फळीवर बसून पद्मल त्याला घास भरवी, पाणी पाजी, पंख्याने वारा घाली. राज्याचा कारभार तिथूनच चाले. दरबारी येत, दुरूनच मुजरा करत, आणि आपली खडाव फळीच्या कडेला लागत नाही ना, हे पाहत मागे सरत.

राजा गुडघ्यापर्यंत गेला तेव्हा एकदा पद्मलने विचारले, "महाराज, फार दुखते का?"

"दुखत नाही," राजा म्हणाला. "खाली काहीतरी आहे. ते माझी बोटे मोजते. मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून मोजते."

पद्मलच्या हातातला घास खाली पडला. मातीने तो लगेच गिळला.

एके सकाळी मांडवाच्या खांबावर एक पक्षी येऊन बसला. चोच मोठी, पिवळी, आणि चोचीवर दुसरी चोच ठेवावी तसे शिंग. तो धनेश होता. त्या राज्यात पूर्वी पक्षी बोलत. झाडे गेली तेव्हापासून बोलायला पक्षीच उरले नव्हते. म्हणून तो बोलला तेव्हा पद्मलला नवल वाटले नाही, नुसते भय वाटले.

"राणी, तुझ्या नवऱ्याला कोण खाते, ठाऊक आहे?"

"नाही."

"धूमकेश मांत्रिक. तुझ्या आजेसासऱ्याने या भूमीत धन पुरले आणि राखणीला धूमकेशाला जिवंत पुरले. तो आपखुशीने उतरला, एका वचनावर. या भूमीत पिकलेले महाळुंग दर साल त्याच्या हाती ठेवायचे, असे वचन होते."

"मग?"

"पहिल्याच साली राजा विसरला."

धनेश पुढे म्हणाला, "आधी तो वाट पाहत राहिला. मग रागावला. मग रागही संपला आणि नुसती भूक उरली."

"मी नदीपलीकडून महाळुंग आणवते. टोपल्या भरून आणवते."

"चालणार नाही. वचन इथल्या फळाचे आहे."

"इथे कसे पिकेल? जमिनीत मूळ धरतच नाही."

"जमिनीत धरत नाही," धनेश म्हणाला. त्याने मान वाकडी केली, गळा हलवला आणि फळीवर एक बी टाकले. "या राज्यातले शेवटचे महाळुंग मी खाल्ले होते. त्याचे हे बी. घराच्या माथ्यावर, रांजणात लाव. तीन गोष्टी सांभाळ. माती अशी घे, जी जमिनीला टेकलेली नाही. मूळ असे राख, ज्याचा वास जमिनीला लागला नाही. फळ असे दे, जे कुणी चाखले नाही. त्याला वास लागला तर तो हाक मारील. हाकेला ओ देऊ नकोस. ओ दिलीस तर दगडही त्याला अडवणार नाही."

पद्मलने बी उचलले. ते धनेशाच्या गळ्यातले, ऊन ऊन होते.

राणीजवळ भिवाई नावाची म्हातारी दाई होती. तिने पद्मलला तळहातावर वाढवले होते. ती म्हणाली, "राणीसाहेब, माती जमिनीला टेकलेली नाही, म्हणजे ती आणायची कुठून?"

"वरून," पद्मल म्हणाली.

ती शिडी घेऊन छपराछपरांवर चढली. कौलांच्या खाचेत वाऱ्याने आणलेली धूळ साठली होती, ती तिने पिसाने झाडून घेतली. वळचणीला कुंभारीण माश्यांची जुनी घरटी होती, ती खरवडली. देवळाच्या शिखरावर, कळसाच्या बुडाशी, शेवाळ वाळून त्याची काळी भुगी झाली होती. त्या भुगीसाठी ती शिखर चढली.

अर्ध्यावर गेल्यावर तिने खाली पाहिले. ती उजवीकडे सरकली की खालची माती भिंतीच्या कडेने उजवीकडे सरके. ती डावीकडे सरकली की माती डावीकडे. पाखराखाली मांजर सरकते तशी. पद्मलने डोळे मिटून घेतले, भुगी ओच्यात भरली आणि पाय कुठे पडतो ते बोटांनी चाचपत ती उतरली.

दगडी गोठ्यातले शेण उन्हात वाळवून त्याचा चुरा केला. तो मातीत मिसळला. वाड्याच्या सर्वांत वरच्या गच्चीवर दगडी खांबांवर तुळया टाकून त्यांना साखळ्या बांधल्या, आणि साखळ्यांवर मोठा रांजण टांगला. रांजणाचे बूड कशालाही टेकत नव्हते.

भिवाई म्हणाली, "बुडाला भोक पाडू नका हो. पाणी ठिबकेल. एखादा थेंब खाली गेला तर?"

पद्मललाही तेच भय होते. तिने भोक पाडले नाही. बी लावले, ओंजळीने पाणी घातले.

धनेशाच्या गळ्यात राहिलेल्या बीजाला वर्षे लागत नाहीत, ते पौर्णिमेगणिक वाढते. लवकरच रोप वर आले, त्याला चकचकीत पाने फुटली, पानांच्या बगलेत काटे आले. पण मग पाने पिवळी पडली. एकेक करून गळू लागली. मातीला कुबट वास सुटला. तिकडे राजा कमरेपर्यंत गेला होता.

धनेश येऊन कठड्यावर बसला. "कोंडलेले पाणी मूळ कुजवते," तो म्हणाला. "भोक पाड."

"आणि थेंब?"

"थेंब तू सांभाळ."

पद्मलने लोखंडी सळई घेतली आणि रांजणाखाली उताणी पडून, हलक्या हाताने, रांजण तडकणार नाही अशी, बुडाला भोक पाडले. सडके पाणी तिच्या तोंडावर आले. रोप मातीसकट उचलून आत भोकावर खापरीचा तुकडा बसवला, त्यावर विटांची खडी पसरली. खाली तांब्याची परात ठेवली. त्या दिवसापासून ती परातीपासून हलली नाही; राजाला घास भरवायला भिवाई जाई. पाणी घालायचे, ठिबकू द्यायचे, परात उचलायची आणि भर उन्हात तापलेल्या दगडावर ओतायची. चर्र होई, वाफ होई, पाणी नाहीसे होई. ओला डाग वाळेपर्यंत ती तिथे उभी राही. वाऱ्याने पदर हलला तरी तिला वाटे, थेंब उडाला.

झाड सावरले. नवी पालवी आली. खोड मनगटाएवढे झाले. राजा छातीपर्यंत गेला.

आणि एका सकाळी रांजणाच्या भोकातून एक मूळ बाहेर डोकावले. पांढरे, बारीक, लहान पोराच्या करंगळीसारखे. ते खाली पाहत होते. दुसऱ्या सकाळी ते वीतभर झाले. तिसऱ्या सकाळी ते परातीवरून ओघळून गच्चीच्या कठड्याकडे वळले होते.

"राणीसाहेब," भिवाई पुटपुटली, "ते त्याच्याकडे चालले आहे."

धनेश म्हणाला, "रांजण भरला. मुळांना जागा नाही. झाड काढ, मुळे काप, नव्या मातीत पुन्हा बसव. उद्यावर टाकू नकोस."

दोघींनी झाड रांजणातून उपसले. आत माती उरलीच नव्हती. मुळांनी एकमेकांना विळखे घालत रांजणाचाच आकार घेतला होता. पद्मलने धारदार सुरीने बाहेरचे विळखे सोडवले, कापले. कापलेले प्रत्येक मूळ भिवाईने शेगडीत टाकले. वरच्या फांद्याही तितक्याच छाटल्या, म्हणजे उरल्या मुळांवर भार येऊ नये. छपरांवरून आणलेली उरलेली माती घातली. झाड पुन्हा बसले. दोघींनी निःश्वास टाकला.

तेवढ्यात भिवाईने पदर झटकला. पदराला चिकटलेला मुळाचा एक तंतू, केसाएवढा, वाऱ्यावर उडाला, कठड्यावरून गेला आणि खाली अंगणात पडला.

माती उघडली. माती मिटली. चावल्याचा आवाज गच्चीपर्यंत आला.

मग सारे राज्य शांत झाले. इतके शांत, की साखळीची कडी कुरकुरली तरी दचकावे.

त्यानंतर काही दिवसांत महाळुंगाला फुले आली. पांढरी, बाहेरून जांभळट, सुवासिक. पण राज्यात भुंगा नव्हता, मधमाशी नव्हती. धनेशाने आपले एक पीस दिले, आणि पद्मलने पिसाच्या टोकाने या फुलाचा पराग त्या फुलाला लावला. भर दुपार होती. ऊन लख्ख होते. तेव्हा परातीतल्या पाण्यातून भिवाईचा आवाज आला.

"राणीसाहेब, खाली या. महाराज बोलावतात."

पद्मलच्या ओठांवर "आले" हा शब्द आला होता. तिने मान वळवली. भिवाई तिच्या शेजारीच उभी होती, पंख्याचा दांडा घट्ट धरून, तोंड मिटून. पद्मलने ओठ चावले. ओ दिली नाही.

फळे धरली. पुष्कळ धरली. धनेश म्हणाला, "एवढी झाडाला पेलणार नाहीत. एक ठेव." तिने एक ठेवले, बाकीची खुडली आणि जाळली. ज्या राज्यात कुणी झाडाला फळ पाहिले नव्हते तिथे हिरवी फळे जाळताना तिला हात पोळल्यासारखे वाटले. उरलेले फळ मुठीएवढे झाले तेव्हा परातीतून राजाचा आवाज आला.

"पद्मल, मी सुटलो. दारात उभा आहे. रांजण घेऊन खाली ये."

आवाज तोच. पद्मल म्हणताना शेवटी लांबवायची लकबही तीच. तिचे पाय आपोआप जिन्याकडे वळले. पण जाता जाता तिने कठड्यावरून मांडवाकडे पाहिले. राजा हनुवटीपर्यंत मातीत होता. डोळे उघडे होते आणि तोंड मिटलेले होते. पद्मलने जिन्याकडे पाठ फिरवली. तिने ओ दिली नाही.

फळ वाढले. खडबडीत, जडशीळ झाले. फांदी वाकली, तिला काठीचा टेकू दिला. देठाकडे पिवळी छटा उमटली. मग एके सकाळी परातीतून तिसरा आवाज आला. तो ओळखीच्या कुणाचाच नव्हता. तो म्हाताऱ्या माणसाचा होता, आणि त्यात राग नव्हता.

"भूक लागली आहे," आवाज म्हणाला.

पद्मलने परातीत वाकून पाहिले.

"फळ येणार होते. मी मोजत राहिलो. कोणी आले नाही. कोणी आहे का तिथे?"

तिला ठाऊक होते, ओ द्यायची नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर तो पहिल्या सालचा माणूस आला, अंधारात हात पुढे करून बसलेला, वर पावलांची चाहूल लागते का ते ऐकणारा.

"आहे," ती म्हणाली. "मी आहे."

"ओ दिलीस!" धनेश किंचाळला आणि पंख फडफडवत आभाळात गेला.

वाड्याचा पाया हलला. साखळ्या खणखणल्या, रांजण हेलकावे खाऊ लागला, पद्मलने धावत जाऊन त्याला मिठी मारली. जिन्यावरून आवाज येऊ लागला, ओले घोंगडे पायरीपायरीने ओढत आणावे तसा. माती जिना चढत होती. ती गच्चीच्या दारात आली, उंबऱ्यावर थबकली, मग पसरत पद्मलच्या पायांशी आली. काळी, थंड. तिने पद्मलचे घोटे धरले. आणि काहीतरी एकेक करून तिची बोटे मोजू लागले.

भिवाई कठड्यावर चढून बसली होती.

मातीतून एक हात वर आला. कातडीच्या जागी मुळे, नखांच्या जागी खापऱ्या.

"दे," तो म्हणाला.

पद्मलने फळाकडे पाहिले. ते अर्धे पिवळे होते, अर्धे हिरवे.

"कच्चे आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "कच्चे दिले तर तुम्हांला दिलेले वचन अर्धेच फिटेल. आणि अर्ध्या वचनाने तुमची भूक जाणार नाही. पिकू द्या."

"मी पुष्कळ थांबलो."

"एकटे थांबलात. राजा घरी निघून गेला होता. मी कुठे जात नाही. माझे पाय तुमच्याजवळ आहेत."

हात हलला नाही. माती हलली नाही. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "थांबतो."

ती उभी राहिली. दिवस उगवत, मावळत. भिवाई दोराने वर ओढलेली भाकरी काठीला बांधून तिच्या तोंडाशी धरी, पाणी पाजी, आणि कठड्यावरून वाकून सांगे, "महाराजांचे नाक दिसते आहे, राणीसाहेब. दिसते आहे." पद्मल दर खेपेस विचारी, आणि उत्तर आल्यावरच घास घेई. माती गुडघ्यापर्यंत आली होती. खालची मोजणी अखंड चालू होती. कधी मध्येच ती थांबे, आणि ते थांबणे मोजण्याहून भयंकर वाटे. झोप येऊ लागली की पद्मल रांजणाच्या साखळीत हात अडकवून घेई. मातीतला हात तिच्यासमोर तसाच पसरलेला होता, तळवा वर करून. तिने फळाकडे हात नेला की त्याची बोटे थरथरत. तिने हात मागे घेतला की ती निपचित पडत. एकदा ती फळाला पाणी शिंपडत असताना चार थेंब त्या तळव्यावर पडले, आणि मूठ इतक्या हळू मिटली की पद्मलला रडू आले. भय गेले नव्हते. भय होते आणि रडूही होते.

शेवटी एका सकाळी वारा पडला आणि गच्चीभर वास दरवळला. महाळुंग पिकले होते. देठापासून बुडापर्यंत पिवळेधमक, उन्हासारखे.

पद्मलने देठ कापला. फळ दोन्ही हातांनी धरून तिने कपाळाला लावले आणि त्या तळव्यावर ठेवले.

चावल्याचा आवाज आला नाही. हात फळ घेऊन मातीत गेला. खालून कुणीतरी खोल श्वास घेतल्याचे ऐकू आले.

"हेच," आवाज म्हणाला.

माती सैल झाली. पद्मलच्या पायांवरून ती ओघळली, जिना उतरली, अंगणात गेली आणि साधी माती होऊन पडली. मांडवात राजाचे खांदे वर आले. लोकांनी दोर टाकले, ओढले. राजा बाहेर आला. त्याचे पाय कोंबासारखे पांढरे पडले होते आणि त्याला उभे राहता येत नव्हते, पण बोटे सगळी जागेवर होती. पद्मल जिना उतरून आली ती त्याच्याजवळ बसली.

"तुझे पाय थंड आहेत," राजा म्हणाला.

"आपलेही," ती म्हणाली.

मांडवाजवळ जमीन दुभंगली होती. तिच्यात धनाचे हंडे होते. उघडून पाहिले तर आत कोळसे. सोन्याचे कोळसे कधी झाले, कुणाला ठाऊक नव्हते. हंड्यांशेजारी एक लहानखुरा म्हातारा कुशीवर निजला होता. त्याच्या मुठीत फळ नव्हते, नुसत्या बिया होत्या. राजाने त्याला बापासारखे उचलवून घेतले. त्या कोळशांवर त्याला अग्नी दिला. आजोबांच्या नावाने राजाने त्याची क्षमा मागितली, सर्वांदेखत, मोठ्याने.

बिया पद्मलने घेतल्या. पण त्या जमिनीत लावायच्या तर जमिनीवर उतरायला हवे, आणि फळ्यांवर उभ्या असलेल्या साऱ्या प्रजेतून कोणी उतरेना. खालची भूक शमली हे सर्वांना पटले होते. पाय मात्र कुणाचेच ऐकत नव्हते.

मग भिवाई पुढे झाली. तिने खडावा काढल्या, फळीच्या कडेला धरून ठेवल्या. आधी एक पाय टेकवला. डोळे घट्ट मिटून ती तशीच उभी राहिली, माती धरते का याची वाट पाहत. मातीने धरले नाही. तिने दुसरा पाय टेकवला. मग तिने एक डोळा उघडला, पायांकडे पाहिले, आणि म्हातारी लुटुलुटु चालू लागली. मागून पोरे उतरली, मग त्यांच्या आया, मग दरबारी, आणि पद्मलने पहिले बी मातीत लावले.

त्या राज्याचे भय जसे फिटले, तसे ऐकणाऱ्याचे फिटो, सांगणाऱ्याचेही फिटो.